जेवण होईस्तोवर

आमच्या मजल्यावर शेळकेकाकांच्या दाराला ती पाटी अजून आहे. 'घंटी एकदाच वाजवावी. आतला माणूस बहिरा नाही.' दार मात्र कायम बंद. काका-काकू गावी राहायला गेले, आणि का गेले यावर सोसायटीत दोन मतं आहेत. एका गटाचं म्हणणं, ते भावाकडे राहायला गेले. दुसऱ्या गटाचं म्हणणं, ते शेताचा बांध मोजायला गेले आणि मोजणी अजून संपलेली नाही. मी दोन्ही गटांसमोर मान डोलावते. माझा कुणावरच पटकन विश्वास बसत नाही, आणि ही खोड मला काकांच्या शेजारानंच लागली.

उत्तमराव शेळके विम्याचे सर्व्हेअर होते. अपघात झालेली गाडी तपासायची, नुकसान खरं की बनावट ते ठरवायचं आणि तसा अहवाल द्यायचा, हा त्यांचा धंदा. जालना रोडवर उलटलेले ट्रक आणि आदळलेल्या मोटारी बघण्यात त्यांची उमर गेली होती. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरच्या खिशात छोटी बॅटरी आणि पँटच्या खिशात पोलादी टेप. निवृत्तीनंतरही या दोन वस्तू त्यांच्या अंगावरून उतरल्या नाहीत. माणूस भेटला की आधी ते त्याच्या चपलांकडे बघत, मग तोंडाकडे. चपलेवरच्या मातीवरून तो कुठून आला हे त्यांना कळतं असं ते म्हणत. मला ती थाप वाटायची, पण मी मुद्दाम चपला झटकून घरी येऊ लागले होते हेही खरं.

"गाडी खोटं बोलत नाय, म्याडम," ते मला नेहमी सांगत. "माणूस बोलतो. म्हणून मी आधी गाडीचं बयान घेतो."

आमच्या घरावरच त्याचा प्रयोग झाला. आमच्या गाडीच्या डाव्या दाराला एकदा लांब ओरखडा पडला. आमच्या ह्यांनी सांगितलं, शहागंजात रिक्षावाला घासून गेला. मी रिक्षावाल्यांच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात काका खाली उतरले. भर दुपारी बॅटरी लावून उकिडवे बसले, ओरखड्यातला रंग नखानं खरवडून हातावर घेतला आणि उन्हात धरला.

"रिक्षाचा पिवळा येगळा," ते म्हणाले. "हा आपल्या पार्किंगच्या खांबाचा हाय. ती पलीकडची कड बघा, तिथं तुमच्या गाडीचा रंग लागलाय. काय साहेब, बयान बदलायचं का?"

साहेबांनी बयान बदललं नाही, पण त्यानंतर काका लिफ्टमध्ये दिसले की हे जिन्यानं जायचे.

घरातही तेच. दुधात बोट घालून बघायचे, गॅसची टाकी आली की तराजूला लटकवायचे. गुलमंडीत काकूंना झंपरचं कापड घ्यायला नेलं तर दुकानदारानं फाडलेलं कापड स्वतःच्या टेपनं पुन्हा मोजलं. काकू लाजून दुकानाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. जेवायला बसले की मात्र माणूस घोड्यावर असायचा. रस्त्याच्या कडेला, ढाब्यावर, अर्धं लक्ष उलटलेल्या ट्रककडे ठेवून जेवायची सवय. आपण पहिला घास घेईस्तोवर त्यांचं ताट धुवायला गेलेलं असे.

असा हा माणूस पोथीला बसायचा, आणि तिथं मात्र त्याला कसलाच संशय यायचा नाही. मला तेच संशयास्पद वाटलं.

पोथी त्यांच्या गावच्या बाबांची. दोन-तीन पिढ्यांमागे होऊन गेलेला कुणी सत्पुरुष, त्याच्या लीला ओवीबद्ध केलेल्या. काकूंच्या आग्रहानं दर श्रावणात ती आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये लागायची. वाचायला काका स्वतः. अर्थ सांगायला तळमजल्यावरचे देशपांडे सर. सर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, गोड गळ्याचे, शांत गृहस्थ. संध्याकाळी चिकलठाण्यावर विमान उतरायच्या वेळेला पोथी रंगात यायची. विमान डोक्यावरून जाईपर्यंत काका ओवीवर अंगठा दाबून थांबायचे आणि घड्याळाकडे बघून, "उशिरा आलंय," असं म्हणून पुढं वाचायचे.

सरांच्या अर्थात सगळ्याचा दुसरा अर्थ असे. बाबांनी वाघावर बसून नदी ओलांडली, तर वाघ म्हणजे क्रोध आणि नदी म्हणजे संसार. बाबांनी विहिरीचं पाणी गोड केलं, तर विहीर म्हणजे मन. माणसं डोळे मिटून ऐकत. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे माझी मान तर आपोआप हलायची. काका मात्र सर बोलायला लागले की खिशातली बॅटरी चालू-बंद करत बसायचे.

सगळ्यांत मोठा तंटा शेवटच्या अध्यायावरून. त्यात अशी कथा होती. एका शेतकऱ्याच्या घरी व्रताच्या समाप्तीला बाबा अनोळखी वेषात आले आणि पंगतीत बसले. यजमानानं विचारलं, तुझं नाव काय, गाव कोणतं, इथं कशाला आलास? बाबा भरल्या पत्रावळीवरून उपाशी उठले. म्हणून बाबांनी सांगून ठेवलं, की समाप्तीच्या दिवशी एक पाट रिकामा ठेवावा. त्यावर जो येऊन बसेल त्याला आधी वाढावं. त्याचं जेवण होऊन तो हात धुवेपर्यंत त्याला एक शब्द विचारू नये.

आमच्याकडे हा पाट मांडला जायचा. भोवती रांगोळी, समोर पुरणपोळीचं भरलेलं पान. बाबांचं नाव घ्यायचं, नमस्कार करायचा, पान गाईला द्यायचं आणि बाकीच्यांनी जेवायला बसायचं. सर सांगत, पाट म्हणजे आपलं अंतःकरण. ते अहंकारानं भरलेलं नको, रिकामं हवं. मग तिथं देव येतो.

"सर," काकांनी एकदा भर सभेत विचारलं, "पाट म्हंजे अंतःकरण. मंग पोळी म्हंजे काय?"

"पोळी म्हणजे भक्ती, असं घेता येईल."

"घेता येईल, पण खाता येत नाय ना," काका म्हणाले, आणि पोथी बासनात बांधू लागले.

त्या संध्याकाळी जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, पोथी म्हणजे विम्याची पॉलिसी आहे का, शब्द न शब्द धरायला?"

"नाय. पॉलिसीत मागच्या पानावर बारीक अक्षरात अटी असत्यात. पोथीत समदं समोरच लिहिलंय. तरी लोकं मागचं पान हुडकायलेत."

"मग बाबा खरोखरच्या वाघावर बसले होते म्हणता?"

ते थांबले. त्यांना प्रश्न आवडला की ते खिशातला टेप थोडा ओढून सोडून देत. टेप सर्रकन आत गेला.

"त्याचा तपास मला करता येत नाय. मी तिथं नव्हतो. पण वाघानं आपल्याला काय काम सांगितलंय का? कायच नाय. तिथं तुमी लावा अर्थ, करा कविता. पण जिथं काम सांगितलंय, तिथं शब्द धरायचा. म्हटलंय, भुकेल्याला जेवू घाला. तुमी म्हणता, भूक म्हंजे ज्ञानाची भूक. झालं. तुमची पोळी वाचली. अर्थ काढला की माणूस सुटला बघा."

माझा संशय मात्र बळावला. कुठलंही कापड मोजल्याशिवाय न घेणारा हा माणूस अर्थ या गोष्टीवरच एवढा का चिडून आहे? इतका राग नुसत्या तात्त्विक मुद्द्यावरून येत नाही.

तपास काकूंच्या स्वयंपाकघरात लागला. त्या कोथिंबीर निवडत होत्या आणि मी मदत करण्याच्या निमित्तानं बसले होते.

"त्यांचा अर्थावर राग नाय हो," काकू म्हणाल्या. "अर्थ सांगणाऱ्यावर हाय."

"देशपांडे सरांवर?"

"सर बिचारे काय करतेत. दामू हाय तो. माझा दीर."

मग त्यांनी सांगितलं. गावात ही पोथी लागायची तेव्हा वाचायचा उत्तम आणि अर्थ सांगायचा त्याचा धाकटा भाऊ दामू. दोघं मिसरूड फुटायच्या आधीपासून बसायचे. दामूचा अर्थ ऐकायला शेजारच्या गावांतून माणसं यायची. पुढं वडील गेले, शेताच्या वाटण्या झाल्या, मध्ये बांध पडला. काका शहरात, दामू गावात. दर पेरणीला दामूचा नांगर एकेक रेघ काकांच्या बाजूला बांधात शिरू लागला. काकांनी टेप लावून मोजलं आणि जाब विचारला, तेव्हा दामू हसला आणि म्हणाला, दादा, बांध म्हंजे मनातला भेद. माती तर एकच हाय ना?

"बास," काकू म्हणाल्या. "तवापासून बोलणं बंद. मोजणीवाले आले, कोर्ट झालं. औंदा दामूच्या छातीचं ऑपरेशन झालं. घाटी दवाखान्यात होता, इथून कितीसं लांब? हे गेले नाय. मी गेले तर मला म्हणले, विचारपूस करून आलीस? बांधाचंही विचारायचं होतंस." त्यांनी कोथिंबिरीच्या काड्या एकीकडे सारल्या. "मला शेत नको, बांध नको. मरायच्या आत दोघं भाऊ एका पंगतीत जेवले म्हंजे मी सुटले. एकाच्या मयतीला दुसरा गेला नाय, असं नको व्हायला."

मी सरांच्या बाजूची होते, पण त्या दिवशी मला काकांचा राग कळला. अर्थ किती महाग पडू शकतो हे त्यांनी स्वतःच्या शेतात मोजून पाहिलं होतं.

आदल्या वर्षीच्या श्रावणात काकांनी हट्टच धरला होता. पाट नुसता मांडायचा नाही, कुणी येऊन बसेपर्यंत थांबायचं. माणसं ताटकळली, मुलं रडायला लागली. शेवटी काकांनी एका कुरिअरवाल्याला फाटकातून हाताला धरून आणलं. तो पाटाकडे, रांगोळीकडे आणि आमच्या जोडलेल्या हातांकडे बघून बिचकला. "फोटो काढून कुठं टाकणार का?" असं म्हणत तो पार्सल टाकून पळाला. काका म्हणाले, तो बसला नाही म्हणजे तो नव्हता. मग आम्ही जेवलो.

त्या वर्षीच्या समाप्तीला त्यांनी आणखी एक केलं. फाटकावरच्या रखवालदाराला बजावलं, आज कुणाला अडवायचं नाही, नाव विचारायचं नाही, वहीत लिहायचं नाही. त्याच रखवालदाराकडे वही ठेवायला लावणारे काकाच होते. फाटकावर कॅमेरा हवा म्हणून सोसायटीच्या दर बैठकीत भांडणारेही काकाच. सेक्रेटरी कुरकुरले. काका म्हणाले, "नाव विचारू नये लिहिलंय. वहीत लिहून घ्यावं असं लिहिलेलं नाय."

हॉलमध्ये पुरणाचा वास भरला होता. काकांनी शेवटची ओवी वाचली, सरांनी पाट म्हणजे अंतःकरण हे पुन्हा एकदा गोड आवाजात सांगितलं. पाटासमोर पान वाढलं. आम्ही भिंतींच्या कडेनं पंगतीत बसून होतो आणि दरवाज्याकडे बघत होतो.

तेव्हा एक म्हातारा दारात आला. पांढरी टोपी, पायजमा, हातात कापडी पिशवी. दम लागल्यासारखा एक हात छातीवर. त्यानं चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. कुणालाही काही न विचारता, कुणाकडे न बघता तो सरळ चालत आला, पाटावर मांडी घालून बसला आणि पिशवी मांडीखाली सरकवली.

ते नाक काकांचंच आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती.

काकू आतल्या दारात उभ्या होत्या, हातातला झारा तसाच. काकांनी पोथीवरून मान वर केली. आधी त्यांनी दारातल्या चपलांकडे पाहिलं. काळी माती होती, वाळलेली. मग त्या तोंडाकडे पाहिलं.

देशपांडे सर भला माणूस. त्यांना नातं कळलं असावं, कारण काकूंनी त्यांच्यापाशीही मन मोकळं केलं होतं. ते उठून काकांजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "उत्तमराव, अवघड वाटून घेऊ नका. पाट हा शेवटी प्रतीकच आहे. यांना आपण पंगतीत दुसरीकडे बसवू. बाबा काही रागावणार नाहीत."

सुटायला दार उघडं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली होती आणि पानाकडे बघत होता.

"तसं लिहिलंय का, सर?" काकांनी विचारलं.

"लिहिलेलं असं नाही, पण..."

"मंग नाय," काका म्हणाले. उठले, काकूंच्या हातातून तुपाची वाटी घेतली आणि दामूच्या पोळीवर धार धरली.

दामू जेवायला लागला, आणि मग सगळी पंगत जेवायला लागली. मी जेवत होते की बघत होते, सांगता येत नाही. काका स्वतः वाढत होते. त्यांच्या ओठांवर प्रश्न होता, तो मला दिसत होता. कितीतरी वर्षांचा साठलेला प्रश्न. दामूनं हात धुतला की तो सुटणार होता, आणि हा नियम त्या हॉलमध्ये त्या दोघांइतका दुसऱ्या कुणालाच पाठ नव्हता.

माझ्या डोक्यात तपास सुरू झाला. याला निरोप कुणी दिला? काकूंनी? त्या पदरानं डोळे पुसत होत्या, पण चकित झाल्या नव्हत्या. सरांनी? त्यांच्या चेहऱ्यावरचं ते भलेपण जरा जास्तच होतं. की दामू स्वतःच आला, मोठ्या भावाचा स्वभाव ओळखून? आणि रखवालदाराला आज नाव विचारू नको म्हणून कुणी बजावलं होतं? येळवणीची आमटी वाढत काका माझ्यापाशी आले, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. बनावट अपघात ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला काय माझ्याइतकंही दिसलं नसेल?

ते माझ्या वाटीत येळवणी ओतताना वाकले. "केस बनावट हाय, म्याडम," ते कुजबुजले. "पण कागद पक्के हायत."

पंगत उठली. दामू उठला नाही. त्याच्या पानात पोळीचा एक तुकडा उरला होता. तो त्याचे बोटभर तुकडे करत होता, त्यांचेही तुकडे करत होता आणि एकेक तोंडात घालत होता. तेवढ्यात सेक्रेटरींच्या बायकोनं, तिला बिचारीला काय ठाऊक, पाहुण्यांचे हात धुवायला पाण्याचा तांब्या आणून पाटाजवळ ठेवला.

काकांनी तो तांब्या उचलला. मला वाटलं, आता ते पाणी घालणार आणि प्रश्न विचारणार. ते तांब्या घेऊन हॉलच्या दारापर्यंत गेले, तिथं ठेवला आणि परत आले.

"भात घे," ते दामूला म्हणाले.

घेणार का, असं त्यांना विचारता येत नव्हतं. तो प्रश्न झाला असता.

दामूनं मान हलवली. काकांनी भात वाढला. "वरण घे." वरण वाढलं. "भजी घे." डॉक्टरांनी त्याला काय खायला सांगितलं होतं आणि काय नाही, ते देव जाणे. तो सगळं घेत होता. बायकांनी सतरंज्या गुंडाळायला घेतल्या, कुणी भांडी आत नेली. संध्याकाळचं विमान डोक्यावरून गेलं, काकांनी घड्याळ बघितलं नाही. दामूचा हात पानावर वाळून गेला होता तरी तो हात त्यानं उचलला नाही. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

मग काकू बाहेर आल्या. त्यांनी दामूच्या शेजारी दुसरं पान मांडलं, त्यावर पोळी ठेवली आणि आत निघून गेल्या. काका उभेच होते.

"दादा," दामू पहिल्यांदाच बोलला, आवाज बारीक, पण एके काळी गावं गोळा करणारा गळा असावा हे कळत होतं. "तू जेव आता. तोवर मी बसतो असाच."

काका खाली बसायला लागले, तर पँटच्या खिशातला टेप टोचला. त्यांनी तो काढला आणि बाजूला फरशीवर ठेवला. मांडी घातली. पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला आणि चावत राहिले. दुसरा तुकडा मोडायला त्यांनी केवढा वेळ घेतला. इतकं सावकाश जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हात धुवायचा तांब्या दारापाशी तसाच होता, आणि मी घरी जाण्यासाठी त्याला ओलांडून बाहेर पडले तेव्हाही दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून जेवतच होते.